हॉलंडचे बटाटे

गोव्याच्या बाजारात बटाटा यायचा तो घाटावरून. बेळगावकडून कांदा-बटाटा, भाजीपाला खाली उतरायचा आणि त्याच वाटेने गोव्याचा नारळ, सुपारी वर चढायची. 1955 नंतर भारताच्या नाकेबंदीने ही वाट बंद झाली आणि पणजी-मडगावात हॉलंडचा बटाटा मिळू लागला. चहा सिलोनचा, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानची, सिमेंट जपानचं. वाइन पोर्तुगालची, पण ती आधीपासूनच होती. बेळगाव दाराशी असताना अर्ध्या जगाला वळसा घालून बटाटा आणणारी पोर्तुगीज राजवट किती दिवस तग धरेल, असा दिल्लीचा हिशेब होता. सहा लाख वस्तीचा प्रदेश, तीन बाजूंनी भारत, चौथ्या बाजूला समुद्र. कागदावर हा हिशेब चोख होता.

क्यूबा, इराण, रशिया यांच्यावरच्या निर्बंधांविषयी आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो आणि ते दूरच्या महासत्तांचे उद्योग समजतो. आपणही हा प्रयोग केला होता, अगदी सावंतवाडीच्या वेशीवर, याचा विसर पडतो. गोवामुक्तीच्या आपल्या कथनात सेनापती बापट येतात, नानासाहेब गोरे येतात, पोलिसांच्या माराखाली फुटलेली डोकी येतात. नाकेबंदीला मात्र दोन ओळी मिळतात. सत्याग्रहाला चेहरे होते, जकातनाक्यावरच्या बंद फाटकाला कसला चेहरा!

फाटक हळूहळू बंद होत गेलं. 1954 मध्ये दादरा-नगरहवेली हातची गेल्यावर पोर्तुगीजांचा पवित्रा कडक झाला, तसे इकडूनही प्रवासावर आणि व्यापारावर निर्बंध आले. 15 ऑगस्ट 1955ला निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीसह ठिकठिकाणी हद्द ओलांडून आत शिरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं मेली. मुंबईत संतापाचा आगडोंब उसळला. नेहरूंना सैन्य पाठवायचं नव्हतं, पण गप्प बसणंही शक्य नव्हतं. मग पणजीतली भारतीय वकिलात बंद झाली, कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारी रेल्वे थांबली, मालाची आणि पैशांची वाट अडली. निर्बंधांचा जन्म बऱ्याचदा असा होतो. लढाई करायची नसते आणि काहीच न करणं लोकांना सांगता येत नसतं. त्या दोहोंच्या मधल्या जागेत जे बसतं ते म्हणजे नाकेबंदी. ती किती परिणामकारक ठरेल हा प्रश्न त्या घडीला कुणी फारसा विचारत नाही.

या नाकेबंदीचा पहिला फटका कुणाला बसला? मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे गोवेकरांचे कूड आहेत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत राखलेली सामायिक खोली. भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या ट्रंका, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोटीवर जाणारा तारवटी, हॉटेलातला आचारी, बँडवाला, सगळे इथे पथारी टाकायचे आणि पगार झाला की गावी पैसे धाडायचे. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल या पैशांवर पेटायची. तोच पैसा अडला. आई आजारी पडली तर जाण्यासाठी परवान्याच्या खटपटी आल्या. ज्यांची मुळं गोव्यात आणि भाकरी मुंबईत होती, म्हणजे भारताशी ज्यांचा धागा सगळ्यात घट्ट, त्यांनाच आपण आधी अडवलं. दिल्ली शत्रू आहे हे लिस्बनने वर्षानुवर्षं सांगून गोवेकरांना पटलं नव्हतं. आता पोर्तुगीज अधिकाऱ्याला नुसतं रिकाम्या टपालपेटीकडे बोट दाखवायचं होतं.

आणि राजवटीचं काय झालं? तिला लोखंडाने तारलं. डिचोली, सांगे भागातलं खनिज युद्धानंतर नुकतंच परदेशी जाऊ लागलं होतं. जपानच्या पोलाद कारखान्यांना आणि पश्चिम जर्मनीला ते हवंच होतं. नाकेबंदीच्या काळात खाणी यंत्रांवर आल्या, तांबडा धुरळा उडवत ट्रक धावू लागले, मांडवी-झुवारीतून बार्ज मुरगावकडे जाऊ लागले. 1961च्या सुमाराला निर्यात वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास होती. या खनिजाला घाट चढायचाच नव्हता, त्यामुळे आपल्या फाटकाचा त्याला उपद्रव शून्य. उलट त्यातून येणाऱ्या परकी चलनावर घड्याळं, नायलॉन, स्कॉच आणि सोनं अल्प जकातीत गोव्यात उतरायचं आणि रात्री हद्द ओलांडून आपल्याकडे यायचं. भारतात आयातबंदी, गोव्यात मुक्तद्वार. चोरट्या व्यापाराला याहून चांगली जमीन कोणती? बटाटा आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या पहाऱ्याला सोनं बाहेर येताना काही दिसत नसे. या खाणींतून गब्बर झालेला वर्ग पुढेही गोव्याच्या राजकारणात राहिला. 1963 मध्ये मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर बहुजनांचे नेते होते हे खरंच, पण ते खाणमालकही होते.

पण समजा, खनिज सापडलंच नसतं, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नमला असता का? मला तसं वाटत नाही. हा माणूस कुइंब्राचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पै-पैचा हिशेब त्याला कळत होता. गोवा त्याला जमाखर्चात परवडतो की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता. 1951 मध्ये त्याने वसाहतींचं नाव बदलून त्यांना सागरापलीकडचे प्रांत केलं होतं. गोवा हा प्रांत सोडता येतो असं एकदा मान्य केलं की अंगोला आणि मोझांबिकचं काय, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला असता, आणि त्याची सत्ता प्रांत सोडता येत नाहीत याच समजुतीवर उभी होती. ज्याला नमणं म्हणजे संपणं वाटतं, त्याच्यावर महागाईचं दडपण आणून काय होणार? त्यात ती महागाई तो स्वतः सोसत नव्हता. त्रास म्हापशाच्या बाजारात, निर्णय लिस्बनमध्ये, आणि मधे मतपेटी नावाची वस्तूच नाही.

निर्बंध यशस्वी होतात हे दाखवायला दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं आणि ते द्यायलाही हवं. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यापार तोडणारा पहिला देश भारतच, तोही 1946 मध्ये, स्वातंत्र्याच्या आधी. पण आपल्या एकट्याच्या बहिष्काराने प्रिटोरियाच्या केसालाही धक्का लागला नाही. चाळीस वर्षांनी, 1985 मध्ये अमेरिकी बँकांनी कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा तिथल्या उद्योगपतींना घाम फुटला. फरक असा की घाम फुटलेल्या गोऱ्यांना मत होतं, सरकारवर वजन होतं आणि पलीकडे बोलणी करायला मंडेलांची संघटना उभी होती, जिने हा बहिष्कार स्वतः मागितला होता. वस्त्यांमधला उठाव तर आधीपासून धगधगत होता. निर्बंधांनी त्या आगीला वारा घातला, पण काडी बाहेरून आली नव्हती.

इराकमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. 1990 पासून तेरा वर्षं देश आवळला गेला. धान्य सरकारी शिधापत्रिकेवर मिळू लागलं, आणि शिधापत्रिका सद्दामच्या हातात. उपाशी माणूस धान्य देणाऱ्याविरुद्ध उठत नाही, हे आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागू नये. आणि दुसऱ्या बाजूला आपण स्वतः असताना कसे वागलो? पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 1998 मध्ये निर्बंध आले, तेव्हा वाजपेयी सरकारला जाब विचारण्याऐवजी लोक त्याच्यामागे उभे राहिले. स्टेट बँकेच्या रोख्यांत अनिवासी भारतीयांनी चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ओतली. कुणी बाहेरचा दम देतो म्हणून आपण बदलू, असं आपल्याला स्वतःबद्दल कधी वाटत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र सहज वाटतं.

गोवा शेवटी सैन्याने घेतला. डिसेंबर 1961 मध्ये दोन दिवसही न लागता. सालाझारने गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हाला शेवटच्या माणसापर्यंत लढायला फर्मावलं होतं. त्याने शहाणपणा करून शरणागती पत्करली आणि मायदेशी त्याची मानहानी झाली. गोवा गेला तरी लिस्बनमधली राजवट गेली नाही. ती 1974 पर्यंत टिकली आणि पडली ती आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या तिच्याच लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या अखेरीस.

नाकेबंदीची एक खूण अजून शिल्लक आहे. वाट तोडली म्हणून पोर्तुगीजांनी आकाशातून वाट काढली: 1955 मध्ये दाबोळीला विमानतळ बांधला आणि स्वतःची विमान कंपनी काढली. 18 डिसेंबर 1961ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनलला आणि बाहेर उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना हात लावला नाही. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा उरलासुरला तुकडा कसाबसा चालता केला, अधिकाऱ्यांची बायकामुलं विमानांत कोंबली, दिवे मालवले आणि ती दोन्ही विमानं समुद्रावरून अंधारात निघून गेली. कराचीला.