गुडघ्याचा प्रश्न

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि मातीचे मावळे उभे करतात. हे मावळे मला लहानपणापासून प्रिय. बुरुजावर एकदा ठेवलेला मावळा भाऊबीजेपर्यंत तसूभर हलत नाही. आमच्या किल्ल्यावर मात्र यंदा एक परका वीर येऊन बसला. तो स्पायडरमॅन. त्याला आणणारा माझा भाचा. शिक्षणासाठी तो आमच्याकडे राहतो, आणि यंदा दहावीला आहे. बाजारातला तयार बाहुला त्याला पसंत नाही. "मामा, आपण घरीच करू," असे तो म्हणाला, आणि मी पडलो चित्रकलेचा मास्तर. लगेच बाह्या सरसावल्या.

पहिला वीर शाडूचा केला. आत तारेचा सांगाडा होता. शाडू वाळताना आकसली, तार काही आकसेना. सकाळी पाहतो तो छातीला उभी भेग. दुसरा कागदाच्या लगद्याचा. तो हलका झाला खरा, पण मनगटे चुरली. मग नळ गळू लागला की वापरतात ते एम-सील आणले. दोन रंगांचे दोन तुकडे सारखे घेऊन मळायचे, घट्ट होण्यापूर्वी आकार द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कानस व पॉलिश-पेपर घेऊन बसायचे. हा तिसरा वीर दगडासारखा निघाला. छाती पुढे, मुठी आवळलेल्या, पाय रोवलेले. टेबलावरून पडला तरी ओरखडा नाही. खोटे कशाला सांगू, मी तो शेजाऱ्यांनाही दाखवून आलो.

भाच्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "छान आहे. पण मामा, हा बसणार कसा?"

प्रश्न रास्त होता. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 1962 साली उभा केलेला हा वीर मुळात उभा राहणारा नव्हेच. तो भिंतीला चिकटतो, कठड्यावर उकिडवा बसतो. शिवाय मुखवट्याआड एक शाळकरी पोर. पण हार मानील तो मास्तर कसला! मी त्याला इतिहास ऐकवला. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक काढला, त्याला हलणारे भाग 21 होते. (मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' असे भारदस्त नाव दिले. आपल्याकडे 'बाहुला' हा शब्द आयताच आहे, म्हणून ती अडचण नाही.) पुढे 1978 साली केनर कंपनीची 'स्टार वॉर्स'ची चित्रे आली, जेमतेम पावणेचार इंचांची. मान, दोन खांदे, दोन मांड्या, बस्स. गुडघा नाहीच! "तरी जगभरची पोरे त्यांच्याशी खेळलीच ना?" मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तो वीराचे दोन्ही पाय गुडघ्यात करवतलेले.

मी खूप बोललो. नको तेही बोललो. "मोडलेला नाही," तो एवढेच म्हणाला, "गुडघे करायचेत." त्यानंतर दोन दिवस आमचे बोलणे नव्हते.

त्या दोन दिवसांत मी जो विचार केला, तो काही शास्त्रोक्त नव्हे. अखंड पाय बळकट असतो, हे खरेच. जिथे सांधा तिथे मोडण्याची जागा, हेही खरे. पण जे मोडत नाही तेच बळकट, असे मी कधीपासून धरून चाललो? वर्गात दिवसातून कितीदा "सरळ बस" म्हणतो, त्याचा हिशेब नाही. एका वाचकाने तर मला लिहिले होते की, तुमच्या कादंबरीची नायिका तीनशे पानांत एकदाही खाली बसत नाही. तेव्हा मला ते पत्र खोडसाळ वाटले होते.

तिसऱ्या दिवशी मीच एम-सीलची नवी पुडी आणली. मांडीच्या टोकाला लहान गोळा केला, तो कडक झाल्यावर त्याला व्हॅसलीन चोपडले, आणि नडगीच्या बाजूने ताजे मिश्रण त्यावर दाबून वाटी केली. व्हॅसलीनमुळे दोन्ही चिकटत नाहीत. या वाटीने गोळ्याला निम्म्याहून थोडे अधिक कवेत घ्यावे लागते. कमी घेतले तर गोळा निसटतो. फार घेतले तर पाय वळत नाही, आणि जोर केला की नडगीच तुटते. आमची एक निसटली, एक तुटली. हे 'थोडे अधिक' म्हणजे किती, ते मला कुठल्याही पुडीवर छापलेले आढळले नाही.

भाच्याला दहावीनंतर आयटीआयला जायचे आहे, टूल अँड डाय मेकर व्हायचे आहे. मी स्वतः दहावीपुढे गेलो नाही. त्याने पदवीधर व्हावे, असे मीच परस्पर ठरवून बहिणीला कळवलेही होते. गोळ्याभोवती बोटांनी मिश्रण दाबताना ते पत्र मला आठवत होते.

वसुबारसेला वीर पूर्ण झाला. बुरुजावर तो असा उकिडवा बसला, गुडघे पार कानांशी, की मावळे त्याच्यापुढे अवघडल्यासारखे दिसू लागले. पण रात्री शेजारी सुतळी बॉम्ब फुटला आणि हा खंदकात. सांधा सैल पडला होता.

"जरा घट्ट करा ना मामा," भाचा म्हणाला. "पण फार नको."

यावर उपाय आहे. गोळ्याच्या उघड्या भागाला बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा आणि वाळेपर्यंत सांधा हलवत राहायचे. सौभाग्यवतींची बाटली घेऊन पणतीच्या उजेडात बसलो. एक हात दिला, गुडघा वाकवला, सोडला. तो सावकाश उतरला. भाचा शेजारी बसून पाहत होता. मी कुंचला पुन्हा बाटलीत बुडवला आणि त्याला विचारले, "आणखी एक देऊ?"