फादर की पाळक?

२०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडात घुसलं, त्यानंतर आठवड्याभराने चटया, भांडी घेऊन एक टेम्पो आमच्या वाडीत आला. सोबतचे गृहस्थ चर्चचे. मी हात जोडून म्हणलं, "या फादर." ते हसले. "फादर नाही हो, मी पाळक. ही माझी मंडळी."

मी ओशाळलो. मला वाटायचं, चर्चमधला तो फादर. चहा पिता पिता त्यांनी उलगडून सांगितलं. वसईकडचे कॅथलिक, त्यांचे ते फादर. लग्न करत नाहीत. २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो त्यातले. प्रोटेस्टंटांचा पाळक नाहीतर पास्टर, कागदावर रेव्हरंड, आणि तो संसारी. रेव्हरंड टिळकांच्या लक्ष्मीबाई मला माहीत होत्या की! पण डोक्यात जोड लागली नव्हती. केरळातले सिरियन ख्रिस्ती 'अच्चन' म्हणतात, म्हंजे बापच. पण त्यांच्यातल्या ऑर्थोडॉक्स अच्चनला बायको असू शकते. पाद्री हा शब्द पोर्तुगीजांचा, त्याचाही अर्थ बाप. आम्ही मात्र तो तोंड वाकडं करून उच्चारतो. पाळकांच्यातले काहीजण म्हणतात, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, असं येशूनेच सांगितलंय.

पाळक शब्द मला भावला. मी शेळ्या राखल्यात. राखणारा बहुतेक मागेच चालतो, लंगडी शेळी मागे पडते म्हणून.

पुतण्या म्हणाला, "आबा, भांडी आली ना? नावाचं काय घेऊन बसलात!" मला पटलं नाही. मी दहा वर्षांचा असताना खालच्या वस्तीतल्या साठीच्या म्हाताऱ्याला आम्ही पोरं 'ए' करून हाक मारायचो. बाबासाहेब २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेलेली. तळं आमच्यापासून किती लांब? म्हातारा 'जी' म्हणून यायचा. त्याला काय म्हणवून घ्यायला आवडेल, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आता त्याच्या नातवाकडे भंतेजी येतात, तेव्हा मी वाकून भंतेजी म्हणतो. म्हाताऱ्याचं देणं त्यात फिटत नाही.

टेम्पो निघताना मी विचारलं, "मग तुम्हाला काय म्हणू?"

"भाऊ म्हणा की."

मी पाळकसाहेबच म्हणालो.