पदक कोणाचे?



मुळशीच्या डोंगरात, ताम्हिणीच्या बाजूला पावसाळी धुके उतरले की दहा पावलांवरची वाट दिसत नाही. नकाशा व होकायंत्र घेऊन धावण्याच्या खेळाला, ओरिएंटियरिंगला, अशीच राने लागतात. खुणेची ठिकाणे क्रमाने गाठायची, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. कोणी पडला तर पाहायला पंच नसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की, जखमी स्पर्धकाला मदत करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

नियम म्हणून केलेल्या मदतीत पुण्य ते काय?

२००९ साली हंगेरीत जागतिक स्पर्धेच्या रिलेमध्ये स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत काटकी खोल घुसली. पदकासाठी झुंजणारे फ्रान्स, नॉर्वे व चेक संघांचे तिघे धावपटू त्याच्यासाठी थांबले. सुवर्ण स्वित्झर्लंडला गेले.

दयाळू शोमरोनी माणसाने उतारशाळेत दिलेली दोन नाणी त्याची स्वतःची होती. रिलेचे पदक मात्र आधी धावलेल्या साथीदारांचेही असते. दुसऱ्याच्या घामाचे दान आपण कसे करावे? (आईवडील घरखर्चातून दानधर्म करतात, तेव्हा हाच पेच असतो.) मला वाटते, इथेच नियम उपयोगी पडला. साथीदारही तो मान्य करूनच धावले होते. त्यामुळे थांबणाऱ्याला त्यांची परवानगी आधीच मिळालेली होती. थांबायचे तेवढे त्याचे त्याला उरले होते.