काल्याची शिदोरी



काल्याची एक लाही हातावर पडावी म्हणून आपण केवढी रेटारेटी करतो! पण काल्याचे वर्म काय, हे मनात आणतो का? कोणा गोपाळाची शिळी भाकरी, कोणाचे दही, कोणाचे लोणचे. देवाने सारे एकत्र कालविले, आणि कोणती शिदोरी कोणाची हे ओळखायची सोयच उरली नाही.

मागे एका गावी सप्ताहाला गेलो होतो. काल्याच्या आदल्या दुपारी शाळेपाशी टेकलो. ओसरीवर मुलांची पंगत, ताटात खिचडी. दोन-तीन पोरे मात्र बाजूला वेफरच्या पुड्या फोडून बसलेली. विचारले, तर एक म्हणाले, "महाराज, आई म्हणते, ती खिचडी गरिबांची." आमच्या काळजात चर्र झाले. सकाळीच आम्ही त्याच्या घरी माधुकरी घेतली होती!

बाबांनो, ही खिचडी भीक नव्हे. ही योजना देशात १९९५ साली सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो लेकरांचा हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. पुडीत काय असते? तेल, मीठ आणि पोकळ पोट. असले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा २०२० चा नियमच आहे.

आज एकाच गावात एका पोराच्या बरगड्या मोजाव्यात आणि दुसऱ्याला चार पावले पळताना धाप लागावी, असे दिसते. दोघांचेही पोषण चुकलेलेच. गुटगुटीत दिसले म्हणजे निरोगी नव्हे आणि किडकिडीत दिसले म्हणजे रोगी नव्हे. वजन हे वय आणि उंचीशी ताडून पाहायचे असते. शाळेत तपासणी होते तेव्हा विचारून घ्यावे. पण कोणत्याही लेकराला 'जाड्या' नाही तर 'काडी' म्हणून हिणवू नये. ज्या मुखी नाम, त्या मुखी हे शब्द शोभत नाहीत.

कोणी म्हणेल, "महाराज, आमच्या शाळेत खिचडीत डाळ शोधावी लागते." मग पंगत सोडू नका, पातेल्याशी जा! शाळा व्यवस्थापन समितीत आईबापांची जागा आहे, तिथे बसा. वाढण्याआधी मोठ्या माणसाने अन्न चाखायचे असते, ते चाखले जाते का पाहा. शेवग्याची चार पाने, मळ्यातली भाजी नेऊन द्या. दिंडीला आपण पिठले-भाकरी पुरवतो, मग दारच्या पंगतीला हात का आखडावा?

दुसऱ्या दिवशी काल्याला त्या पोराची आई पुढे आली. हातावर काला ठेवताना आम्ही एवढेच विचारले, "माउली, हा कोणाच्या शिदोरीतला?" ती काही बोलली नाही. आम्हीही खाली पाहिले. कारण इतकी वर्षे काला सांगितला, पण शाळेच्या पंगतीचा एक शब्द आमच्या कीर्तनात आला नव्हता. चूक तिची एकटीची नव्हती.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!