दुरुस्त करण्याआधी

‘माय फादर आर कमिंग’ असे कोणी म्हणाले की लगेच माझ्या ओठांवर ‘इज’ येते. इंग्रजी शिकवणाऱ्याला ही सवय जडतेच. पण ते ‘इज’ कोणासाठी येते? भाषेसाठी, त्या माणसासाठी, की माझ्यासाठी? आज हा प्रश्न मला टाळायचा नाही.

खरे पाहता त्या ‘आर’मध्ये अज्ञान थोडे आणि आदर जास्त आहे. आपण ‘वडील आले’ म्हणतो, ‘आला’ म्हणत नाही. इंग्रजीत आजोबाही ‘ही’ आणि वर्गातला खोडकर मुलगाही ‘ही’. मराठी मनाला हे चटकन पचत नाही. पिशवी ‘ती’ आणि दरवाजा ‘तो’, तिथे मात्र दोन्ही ‘इट’. ऐकणाऱ्याला सोबत घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा आपला सुंदर भेद ‘वी’मध्ये उरतच नाही. हे सगळे सोडून देऊन नव्या घडणीत बोलणे हे कष्टाचे काम आहे.

या नव्या घडणीतला जेरंड, म्हणजे क्रियापदाला ‘-इंग’ लागून झालेले नाम, शिकवताना मला मनापासून आनंद होतो. आपण ‘वाचायला आवडते’ म्हणतो, ‘वाचायला शिकतो’ही म्हणतो, पण इंग्रजीत ‘एन्जॉय’नंतर ‘रीडिंग’ येते आणि ‘लर्न’नंतर ‘टू रीड’. ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलणे बंद केले, ‘स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ येते, कारण तिथला ‘टू’ क्रियापदाचा नसतो, त्याला पुढे नाम लागते. हे उलगडले की शिकणाऱ्याचा चेहरा खुलतो. हा आनंद मी तपासून पाहिला. तो निर्मळ आहे.

चारचौघांत दुरुस्ती करण्याची ऊर्मी मात्र तशी नाही. तिच्यात मला उंच दिसण्याची इच्छा आढळते. शिवाय समोरच्याला इंग्रजी कधी भेटले, हेही पाहायला हवे. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत किंवा त्याही नंतर भेटले, आणि कित्येकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाक्ये घोटली. मुलाच्या प्रवेशासाठी शाळेत येऊन मुख्याध्यापकांसमोर धीर करून इंग्रजीत बोलणारी आई अनेकदा अशाच पिढीतली असते. तिच्या वाक्यातले सर्वनाम चुकले, तरी तिचे म्हणणे पोहोचलेले असते. मग तिला मध्येच थांबवून मी कोणाचे भले करतो? भाषेचे तर नक्कीच नाही.

अर्जात किंवा मुलाखतीत चूक महागात पडणार असेल, तर ती सांगणे माझे कर्तव्यच आहे. पण बाजूला घेऊन, आणि ती मराठीच्या कोणत्या सवयीतून आली हेही समजावून. कारण सांगता येत नसेल, तर आधी मी अभ्यास करावा.

इंग्रजी शिकवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: ज्याला शिकायचे आहे त्याला जेरंड कसून शिकवा, जो धीर करून बोलतो आहे, त्याचे वाक्य आधी पूर्ण होऊ द्या.