हिरवी चौकट आणि चौकटीबाहेरचे

वादग्रस्त जाहिरातींची चर्चा बहुधा अभिरुचीच्या प्रश्नापाशी येऊन थांबते. चित्र अश्लील आहे का, कोणाच्या भावना दुखावल्या, ते मागे घ्यावे की नाही, एवढ्यावरच तिचा निकाल लागतो. परंतु जाहिरात कितीही कलात्मक असली तरी ती विक्रेत्याने पैसे मोजून घेतलेल्या जागेवर उभी असते, आणि म्हणून तिच्यात काय दाखवले आहे याइतकेच तिच्यात काय दाखवलेले नाही हेही तपासावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाची उकल बेनेटन या इटालियन कापड कंपनीच्या मोहिमांतून जितकी स्पष्ट होते, तितकी क्वचितच अन्य उदाहरणातून होईल.

छायाचित्रकार ओलिव्हिएरो तोस्कानी यांनी 1982 ते 2000 या काळात बेनेटनच्या जाहिरातींना जे वळण दिले, त्याचे सार असे की जाहिरातीतून माल हळूहळू नाहीसा झाला आणि उरली ती कंपनीचे नाव असलेली एक छोटी हिरवी चौकट. याउलट, मुंबईत 1995 मध्ये टफ बुटांच्या जाहिरातीवरून जो गदारोळ उठला, त्या जाहिरातीत दोन विवस्त्र मॉडेल आणि त्यांच्या अंगाभोवती अजगर असला तरी त्यांच्या पायांत बूट होते. म्हणजे चित्र कितीही धीट असले तरी ते काय विकते हे लपलेले नव्हते. तोस्कानींच्या पद्धतीला ‘धक्का-जाहिरात’ म्हणता येईल. तिच्यात मालाचे गुण सांगितले जात नाहीत, तर असह्य दृश्याने थबकलेल्या माणसाच्या मनावर केवळ नाव कोरले जाते.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1992 चे आहे. थेरेस फ्रेअर या तरुण छायाचित्रकर्तीने अमेरिकेतील ओहायो राज्यात एड्सने मरणपंथाला लागलेल्या डेव्हिड कर्बीचे काढलेले कृष्णधवल छायाचित्र 1990 मध्ये ‘लाइफ’ मासिकात प्रसिद्ध झाले होते. त्यात मुलाचा पार खंगलेला चेहरा, त्याच्या डोक्याशी डोके टेकवून हुंदके आवरणारा बाप आणि भिंतीवरच्या धर्मचित्रातील पुढे आलेले हात दिसतात. बेनेटनने ते रंगवून घेतले आणि कोपऱ्यात आपली चौकट लावली. मासिकात जे छायाचित्र वार्ता होते, ते त्या चौकटीने जाहिरात झाले. एड्सग्रस्तांसाठी झटणाऱ्या काही संघटना संतापल्या; कर्बी कुटुंबाने मात्र, मुलाची कहाणी दूरवर पोहोचावी म्हणून, स्वतःहून संमती दिली होती. येथे आक्षेपाची धार बोथट होते, कारण ज्यांचे दुःख होते त्यांनीच ते जगासमोर मांडण्याचे ठरवले होते.

कायद्याने हा पेच वेगळ्या टोकाने हाताळला. ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकात छापलेल्या बेनेटनच्या तीन जाहिराती, म्हणजे तेलाने माखलेला पक्षी, कष्टाची कामे करणारी तिसऱ्या जगातील मुले आणि ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारलेले उघडे शरीर, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1995 मध्ये अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली रोखल्या. लोकांची करुणा विक्रीसाठी राबवली जाते, असा त्यामागील मुख्य विचार होता. घटनात्मक न्यायालयाने 2000 मध्ये आणि एचआयव्हीच्या जाहिरातीपुरता पुन्हा 2003 मध्ये हा निर्णय फिरवला. जगाचे दुःख नजरेआड राहावे ही नागरिकाची सोय म्हणजे राज्याने रक्षण करण्याजोगे हित नव्हे, अशी त्याची भूमिका होती, आणि ती योग्यच होती.

दाखवण्याचा हक्क असा सिद्ध झाला, तरी दाखवणाऱ्याचे उत्तरदायित्व त्यातून सिद्ध होत नाही. मृत्युदंड झालेल्या अमेरिकी कैद्यांवरील 2000 च्या मोहिमेने खुनाला बळी पडलेल्यांच्या नातलगांचा रोष ओढवला, सिअर्स या दुकानसाखळीने बेनेटनशी केलेला करार मोडला आणि त्याच वर्षी तोस्कानी कंपनीतून बाहेर पडले. दुसऱ्यांच्या वेदनेवर उभे राहिलेले धाडस स्वतःच्या गल्ल्याला झळ लागताच मावळले, असा निष्कर्ष टाळणे अवघड आहे.

खरी कसोटी पुढे होती. बांगलादेशातील साभार येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही कामगारांना पुन्हा आत पाठवण्यात आले होते, आणि 1,100 हून अधिक माणसे दगावली. बेनेटनने आरंभी तेथील कारखान्यांशी संबंध नाकारला, परंतु ढिगाऱ्यातील कपड्यांवर तिचेच लेबल सापडल्यावर तिला तेथे माल शिवून घेतल्याचे मान्य करावे लागले. बळींच्या मदतनिधीला तिने 11 लाख डॉलर दिले ते 2015 मध्ये, दुर्घटनेला दोन वर्षे होत आल्यावर.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण बेनेटनने दाखवलेली दुःखे कुसळाएवढी नव्हती. प्रश्न नजरेच्या दिशेचा आहे. कष्टकरी मुलांचे चित्र छापणाऱ्या कंपनीने आपला सदरा शिवणाऱ्या हातांचे चित्र, ते हात कोणत्या इमारतीत व किती मजुरीवर राबतात या माहितीसह, त्याच हिरव्या चौकटीत छापले असते, तर ती जाहिरात कदाचित कोणालाही अश्लील वाटली नसती आणि तिच्यावर खटलाही झाला नसता. तरीही कंपनीच्या साऱ्या मोहिमांत धाडसी म्हणावी अशी तीच ठरली असती.