आडोसा

सायकलीवरच्या लांबच्या प्रवासाविषयी लिहिणारे डोंगरांचे आणि ढाब्यावरच्या चहाचे वर्णन मन लावून करतात. देहधर्मापाशी आले की त्यांची लेखणी संकोचते. पण दोनशे किलोमीटरांच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, सहाशेला 40 तासांची. इतक्या वेळात देह आपला हक्क मागणारच. तो कुठे आणि कसा पुरवावा, हा प्रश्न मला नुसता सोयीचा वाटत नाही. तो नीतीचा आहे.

सोलापूरकडच्या माळावर नजर जाईल तिथवर सपाटी. मधूनच एखादी बाभळ, बांधावर थोडे घायपात. रब्बीची ज्वारी डोक्याएवढी वाढली म्हणजे आडोसा सापडतो. काढणी झाली की तोही जातो. शहरातून आलेल्या माणसाला वाटते, हा माळ कुणाचाच नाही. पण तो ज्या ज्वारीआड बसतो ती कुणीतरी पेरलेली असते आणि ज्या ओढ्याकाठी उतरतो तिथे खालच्या अंगाला कुणीतरी घागर भरीत असते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वाट, नांगरलेली जमीन, गोठा, पाणी, नदीकाठ, एवढेच काय, वारूळसुद्धा या कामाला वर्ज्य सांगितले आहे. आजचे रानभटके सांगतात, पाण्यापासून दोनशे फूट दूर जा, जवळजवळ वीतभर खड्डा करा आणि तो मातीने बुजवा. मागून येणाऱ्याची आठवण ठेवावी, हाच दोन्हींतला विचार.

मात्र हे सारे नियम जागेची काळजी वाहतात, बसणाऱ्याची नव्हे. आमच्याबरोबर दोघीजणी असतात. पुरुष रस्त्याकडे पाठ करतात आणि दोन मिनिटांत मोकळे होतात. त्या दोघी सकाळपासून पाण्याच्या बाटलीला तोंड लावीत नाहीत. ऊन चढते, घाम गळतो, पुढे लघवीची जळजळ आणि दुखणे मागे लागते, तरी विचारले की ठरलेले उत्तर, “तहानच नाही हो, सर.” वर्गातल्या मुलीही मला हेच सांगतात.

याला आपण लज्जा म्हणतो आणि स्त्रीचे भूषण ठरवून मोकळे होतो. पहाटे रस्त्याकडेला बसलेल्या बायका मोटारीचा उजेड अंगावर पडताच उठून उभ्या राहत, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. मला नेहमी वाटे, लाजायचे कुणी? उजेडात सापडलेल्या बाईने, की टक लावून पाहणाऱ्याने? 2014 नंतर खेड्यांत घरोघर पुष्कळ संडास बांधले गेले. वाटसरूला मात्र अजून पेट्रोलपंपाचा आधार. तिथे सोय विनामूल्य असावी असा नियम आहे, पण दाराला पुष्कळदा कुलूप असते.

म्हणून आम्ही एक रिवाज ठेवला आहे. कुठे थांबायचे हे त्या दोघींनी ठरवायचे. एकीने चादर धरायची. आम्ही हाकेच्या अंतरावर पाठ करून उभे राहायचे आणि थट्टा करायची नाही. कुणी म्हणेल, यात कसली आली नीती? पण झाडोरा नसलेल्या माळावर माणसाला माणसाचाच आडोसा असतो, आणि तो न मागता मिळाला पाहिजे. मुक्कामी पोहोचल्यावर मी किती मैल झाले हे आधी पाहत नाही. त्या दोघींच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आहेत की नाहीत, ते पाहतो.